साखर उतरली नाही तरीही

मधुमेह असलेल्या माणसाच्या नैराश्यावर उपचार करावेत का, या वादात अलीकडे दोन्ही बाजू एकाच आकड्यावरून भांडताना दिसतात. तो आकडा म्हणजे एचबीएवनसी, बोलण्यातली 'तीन महिन्यांची साखर'. एक बाजू सांगते, आधी मन सुधारा, साखर आपोआप ताळ्यावर येईल. दुसरी म्हणते, मनावर उपचार करून पाहिले, साखर काही हलली नाही, मग हा उपद्व्याप कशाला? दोन्हीकडचं ऐकताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. ज्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याचा त्रास मोजायला साखरेचंच माप का लागावं? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यावरचे उपचार त्या आजारासाठी व्हायला हवेत. साखर उतरली तर आनंदच आहे, पण नाही उतरली तरी ते उपचार वाया गेले असं म्हणता येत नाही. शिवाय त्यांची सुरुवात मधुमेहाचे उपचार चालतात तिथेच व्हायला हवी, कारण तो माणूस मुळात तिथेच येत असतो.

माझ्या थोरल्या बहिणीला टाइप २ मधुमेह होऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती. घरी तपासलेली साखर लिहायला तिला एक वही दिलेली होती आणि ती दर तपासणीला न चुकता सोबत न्यायची. एकदा ती वही माझ्या हातात पडली. पाच-सहा आठवड्यांच्या नोंदी, सगळ्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेल्या: ११२, ११८, १२४, ११५. कुठे खाडाखोड नाही, एकही आकडा दीडशेच्या वर नाही. मी ग्लुकोमीटरची मेमरी उघडून पाहिली, तर शेवटची तपासणी ३९ दिवसांपूर्वीची. पट्ट्यांची डबी जवळजवळ भरलेली, सुयांचं पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री बसून ताईने अख्खी वही भरून काढली होती. विचारलं तर ती रडली नाही, चिडलीही नाही. "आकडा बघायचा धीर होत नाही रे. आणि बघून तरी काय करू?" एवढंच म्हणाली. प्रयोगशाळेतून तीन महिन्यांची साखर आली ९.४. साहजिकच वहीचं बिंग फुटलं आणि तिच्या फाइलवर शेरा पडला: पथ्य व औषधांबाबत निष्काळजी.

त्या 'निष्काळजी' शब्दावर मी पुढे बरेच दिवस अडून राहिलो. कारण जिला काळजी नाही, ती आदल्या रात्री बसून खोटे आकडे तरी कशाला लिहील? लाज वाटते म्हणूनच ना? गोळ्या चुकणं, चालायला जाणं बंद होणं, तपासणीची तारीख टळणं, हे सगळं मधुमेहाच्या फाइलवर 'असहकार' म्हणून नोंदलं जातं. नैराश्याच्या लक्षणांची यादी समोर ठेवली तर हेच वर्तन तिथे वेगळ्या शब्दांत लिहिलेलं सापडतं: कशातच रस न वाटणं, साधं काम डोंगराएवढं वाटणं, आपण कुचकामी आहोत आणि आपल्या हातून आता काही होणार नाही असं वाटत राहणं. मधुमेह हा असा आजार आहे, की त्याचा बहुतेक उपचार रुग्णाने स्वतःच्या हाताने, रोज, कुणी पाहत नसताना करायचा असतो. ज्या आजाराने नेमकी हीच ताकद जाते, तो सोबतीला असताना फक्त 'पथ्य पाळा' म्हणत राहणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'जरा जोरात चाला' म्हणण्यासारखं आहे.

हे दोन आजार एका घरात वारंवार भेटतात, यात आता शंका उरलेली नाही. आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून २००१ साली झालेल्या विश्लेषणात मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट आढळली. रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. ज्यांना नैराश्य आहे त्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका वाढतो, आणि मधुमेहींना पुढे नैराश्य येण्याचाही वाढतो, जरी हा दुसरा दुवा पहिल्यापेक्षा फिका असला. कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं, शरीरातला सौम्य पण रेंगाळणारा दाह, झोपेचा बिघाड, हालचाल थांबणं, औषधं चुकणं, असे अनेक धागे त्यात गुंतलेले आहेत आणि कोणता किती जाड आहे याचा हिशोब अजून चालू आहे. दोन्ही आजार एकत्र असतील तर मृत्यूचा धोका नुसता मधुमेह असलेल्यांच्या तुलनेत सुमारे दीडपट भरतो. एवढं माहीत असूनही हा प्रश्न ऐच्छिक मानला जातो, हे मला पटत नाही.

इथे अनुभवी डॉक्टर एक आक्षेप घेतात आणि त्यात दम आहे. ते म्हणतात, शरीराच्या आजारात एकदा मनाला आत घेतलं की रुग्णालाच आरोपी केलं जातं. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. क्षयरोग हळव्या, उदास प्रकृतीच्या माणसांना होतो असं एके काळी भलेभले मानत होते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू दाखवला आणि त्या समजुतीचा पाया गेला. मधुमेहाचंही असंच झालं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या थॉमस विलिसने मधुमेहींच्या लघवीचा गोडवा नोंदवला आणि त्याच वेळी दीर्घ दुःख हे या रोगाचं एक कारण ठरवलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली 'मधुमेही व्यक्तिमत्त्व' शोधायचा खटाटोप झाला. असं काही व्यक्तिमत्त्व पुढच्या तपासात टिकलं नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. तोवर उपासमारीसारख्या आहारावर दिवस काढणारी अशी मुलं डोळ्यांदेखत जात होती, आणि कुणाच्या प्रसन्न चित्ताने त्यातलं एकही वाचलं नव्हतं. 'मन खंबीर ठेवा आणि इन्सुलिन सोडा' असं सांगणारे आजही भेटतात. त्यांच्या सल्ल्याने टाइप १ चा, म्हणजे इन्सुलिनवरच जगणारा रुग्ण काही दिवसांत जिवाला मुकू शकतो. त्यांच्याशी माझं काडीचंही नातं नाही.

पण कारण असणं आणि भर घालणं यात फरक आहे की नाही? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात श्रेष्ठ-कनिष्ठ गोष्टींची एक लांबलचक यादी येते, आणि तिच्यात दोन शब्दांएवढ्या जागेत एक वाक्य आहे: विषादो रोगवर्धनानाम्. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद पहिला. 'वाढवणाऱ्या' हा शब्द नीट पाहा. विषादामुळे रोग होतो असं तिथे म्हटलेलं नाही. आजच्या वादात नेमका हाच भेद हरवलेला आहे. ताईला मधुमेह झाला तो ती दुःखी होती म्हणून, असं मी म्हणत नाही. तिला मधुमेह आहे आणि नैराश्यही आहे, आणि दुसऱ्याने पहिल्याला मोकळं रान मिळतं, एवढंच म्हणतो. यात तिच्यावर आरोप कुठे आला? उलट 'निष्काळजी' हा आरोप त्यानेच पुसला जातो.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, साखरेचा. तो मी पूर्ण मान्य करूनच पुढे जाणार आहे, कारण माझ्याच बाजूच्या लोकांनी तो टाळून आपलं नुकसान करून घेतलं आहे. २००४ साली अमेरिकेत ३२९ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत नैराश्यावर नीट, पाठपुरावा करून उपचार दिले गेले. नैराश्य कमी झालं. एचबीएवनसीमध्ये मात्र नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या तुलनेत फरक पडला नाही. त्याआधी १९९८ मध्ये ५१ जणांच्या छोट्या अभ्यासात विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराने, म्हणजे सीबीटीने, नैराश्यही उतरलं होतं आणि सहा महिन्यांनी साखरही बरी दिसली होती. पुढे सगळे पुरावे एकत्र मांडले गेले तेव्हा चित्र असंच संमिश्र निघालं: नैराश्यावर उपचारांचा परिणाम चांगला, साखरेवर औषधांचा बेताचा, आणि मानसोपचाराचा अनिश्चित. म्हणजे 'मन सुधारा, साखर उतरेल' हे आश्वासन पुराव्यापेक्षा मोठं आहे, आणि ते देऊन आपण उद्याच्या निराशेची सोय करून ठेवतो. साखर न उतरलेला रुग्ण मग मनाचीही गोळी सोडतो, कारण ती कशासाठी आहे हे त्याला चुकीचं सांगितलेलं असतं.

इतकं मान्य केल्यावर विचारतो: ही अट आणखी कोणत्या उपचाराला लावली आहे? ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासाचा रक्तदाबाविषयीचा भाग १९९८ साली प्रसिद्ध झाला. ११४८ मधुमेही, साधारण ८.४ वर्षांचा पाठपुरावा. एका गटाचा रक्तदाब कडक आटोक्यात ठेवला, दुसऱ्याचा सैल. कडक गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले, मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी. आणि साखर? दोन्ही गटांत जवळजवळ सारखी. त्या दिवशी कुणी म्हणालं का, की रक्तदाबाच्या गोळीने साखर उतरत नाही, तेव्हा मधुमेह्याला ती देण्यात अर्थ नाही? डोळ्यांच्या पडद्यावर लेझर करतात, पायाच्या जखमेची मलमपट्टी होते, त्याने साखर किती उतरली असं कुणी विचारतं का? डोळा वाचला, पाय वाचला, एवढं पुरेसं असतं. मग मन वाचणं तेवढंच पुरेसं का नसावं? मला यामागे एकच कारण दिसतं. डोळा आणि पाय हे आपण रुग्णाचे अवयव मानतो, आणि त्याचं मन हे साखर आटोक्यात आणायचं साधन मानतो.

दुसरा आक्षेप निदानाचा आहे आणि तो घेणारे लोक विचारी आहेत. ते म्हणतात, ज्याला तुम्ही नैराश्य म्हणता त्यातलं बरंचसं नैराश्य नसतंच. रोजच्या टोचण्या, आकड्यांची धास्ती, घरच्यांची सततची टोकाटोकी, रात्री साखर एकदम खाली जाण्याची भीती, या सगळ्याचा जो थकवा साचतो त्याला मधुमेहाचा ताण म्हणतात. तो मोजायला १९९५ पासून २० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली उपलब्ध आहे, आणि हा ताण असलेल्या अनेकांना नैराश्याचा आजार नसतो. शिवाय नैराश्य चाचपण्याची पीएचक्यू-९ ही नेहमीची प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, २७ गुण, १० किंवा जास्त झाले की पुढे तपासा. त्या नवांतले थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं हे प्रश्न वाढलेल्या साखरेतही 'हो' म्हणायला लावतात. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्या माणसाची झोप बिघडणारच. हे सगळं खरं आहे. हा फरक न करता सरसकट गोळी लिहून देणारा डॉक्टर चुकतोच. सौम्य नैराश्यात नैराश्याची औषधं नेहमीचा पहिला उपाय म्हणून वापरू नयेत, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही दीर्घ आजार असलेल्या प्रौढांसाठीच्या २००९ च्या सूचनांत सांगितलं आहे.

पण यातून निघतं काय? नीट विचारा, हे निघतं. विचारूच नका, हे निघत नाही. बोटाला टोचून एकदा साखर जास्त आली म्हणून लगेच मधुमेहाचं निदान करत नाहीत, शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. म्हणून बोटाला टोचणं कुणी बंद केलेलं नाही. प्रश्नावलीचंही तसंच. तिच्यावर निदान संपत नाही, तिथून बोलणं सुरू होतं. थकवा आणि झोप बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो: गेले दोन आठवडे मन उदास, हताश वाटतं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का? उत्तरातून जर मधुमेहाचा ताण निघाला, तर त्यावरचा इलाज वेगळा आहे. औषधांचं वेळापत्रक सोपं करणं, हायपोची, म्हणजे साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी होईल असा बदल करणं, आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत हे पटवणं. तो इलाजसुद्धा आज होत नाही, कारण प्रश्नच विचारला जात नाही. आणि पीएचक्यूतला नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटतं का हा, तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने पेरला जात नाही. तो आधीच असेल तर निदान बोलायला जागा मिळते. अशी जागा न मिळालेली माणसं आपल्याला नंतर आठवतात, फार उशिरा.

'जन्मभराचा आजार जडल्यावर माणूस खचणारच, यात उपचार कसले?' असंही एक मत आहे, आणि ते सहानुभूतीच्या सुरात येतं म्हणून अधिक घातक वाटतं. पायाची संवेदना गेली, चप्पल चावली, जखम झाली. का झाली हे आपल्याला पक्कं कळतं. कळलं म्हणून मलमपट्टी करायची थांबतो का? दुःखाचं कारण समजणं ही उपचाराची सुरुवात असते. मधुमेह असलेले बहुसंख्य लोक नैराश्यात जात नाहीत, हेही इथे लक्षात ठेवावं. म्हणजे 'खचणारच' हे मुळात खोटं आहे आणि जो खचला त्याला ते एकटं पाडतं.

नैराश्याच्या औषधांबद्दलची धास्ती मात्र रास्त आहे. ट्रायसायक्लिक जातीच्या जुन्या औषधांनी वजन वाढतं. त्यातल्या नॉरट्रिप्टिलीनने नैराश्य कमी होऊनही साखर बिघडल्याचं १९९७ च्या एका चाचणीत दिसलं. मिर्टाझपीननेही वजन वाढू शकतं. फ्लुऑक्सेटीनने उलट साखर थोडी उतरू शकते, त्यामुळे इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया जातीच्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोसावर लक्ष ठेवावं लागतं. ड्युलोक्सेटीन तर नैराश्य आणि मधुमेहाने होणारी पायांची जळजळ या दोन्हींसाठी अमेरिकेत २००४ सालीच मंजूर झालं. म्हणजे निवडीला वाव आहे. पण ही निवड करायला साखर बघणारा आणि मन बघणारा, दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत असायला हव्यात. आज बहुतेक ठिकाणी त्या चिठ्ठ्या फक्त रुग्णाच्या पिशवीत एकत्र येतात.

राहिला वेळेचा प्रश्न. डॉक्टरांकडे वेळ नाही, हे मी वादाशिवाय मान्य करतो. म्हणूनच पुरावा असलेली पद्धत डॉक्टरांच्या वेळेवर उभी नाही. २०१० साली अमेरिकेत १४ दवाखान्यांतल्या २१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हे काम प्रशिक्षित परिचारिकांनी केलं. मधुमेह किंवा हृदयविकार आणि सोबत नैराश्य असलेल्या रुग्णाला त्या वर्षभर भेटत राहिल्या, फोन करत राहिल्या, ठरल्याप्रमाणे सुधारणा दिसली नाही तर तज्ज्ञांशी बोलून औषध बदलून घेत राहिल्या. नैराश्य कमी झालं आणि या वेळी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तिन्ही सुधारले. २०२० साली प्रसिद्ध झालेली भारतातली चाचणी याच धर्तीवर होती: चार शहरी दवाखाने, ४०४ मधुमेही, आणि डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समन्वयक. २४ महिन्यांनंतर नैराश्य निम्म्याने उतरून शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक गोष्ट सुधारलेल्यांचं प्रमाण या गटात लक्षणीय जास्त होतं. २००४ च्या चाचणीत फक्त मनावर काम झालं, तेव्हा फक्त मन सुधारलं. इथे दोन्हीवर एकत्र काम झालं, तेव्हा दोन्ही हललं. यात आश्चर्य ते काय? मनाचे उपचार साखरेच्या उपचारांची जागा घेत नाहीत. साखरेचे उपचार घेता येतील अशा अवस्थेत ते माणसाला आणतात, आणि तिथून पुढे साखरेचं काम कुणीतरी करावंच लागतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन मधुमेहींची नैराश्यासाठी वर्षातून निदान एकदा तपासणी करायला सांगते. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा बघायचा, तसंच हे. त्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. लागतो तो वजन-रक्तदाब घेणाऱ्या माणसाच्या हातात आणखी एक कागद, आणि त्या कागदावरचा गुण वर गेला तर पुढे कुणाला सांगायचं हे आधी ठरलेलं असणं. हे दुसरं ठरलेलं नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

ताईला पुढे एका परिचारिकेने विचारलं. वजनकाट्यावरून उतरताना, अगदी साध्या आवाजात: "घरी बरं वाटतं ना हो? की काहीच करू नये असं वाटतं?" ताई तिथल्या स्टुलावर बसली ती बराच वेळ उठली नाही. मग मानसोपचारतज्ज्ञ, एक गोळी, दर आठवड्याला समुपदेशन. सहा महिन्यांनी तीन महिन्यांची साखर आली ९.१. चाचणीच्या भाषेत हा फरक नगण्य, आणि साखरेच्या मापाने मोजणाऱ्यांसाठी हा उपचार फसला. त्या दिवशी मी तिची वही पुन्हा चाळली. दोन पेनांची शाई, मध्येच पेन्सिल, एका पानावर पाण्याचा डाग. १८७, २४३, १६१, मग दोन दिवस काहीच नाही, मग २१०. २४३ च्या पुढे तिने कंसात लिहिलं होतं, 'डॉक्टरांना विचारायचं', आणि तिथून पुढच्या तपासणीत त्यांनी तिचा डोस बदलला.